हिंगणघाटच्या दुकानातलं भांगेचं बी: घ्यावं का, आणि घेताना काय पाहावं

हिंगणघाटच्या बाजारात तेलबिया, मसाले आणि आयुर्वेदिक जडीबुटी विकणारं एक जुनं दुकान आहे. पुढे जवस, तीळ, कराळ आणि धन्याची पोती, मागे हिरडा, बेहडा, आवळकाठीचे डबे आणि गल्ल्याच्या वर काचेच्या कपाटात भांगेच्या बियांची पाकिटं. मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या महिला बचत गटाची. आमच्या चटण्यांना लागणारा जवस आणि तीळ कित्येक वर्षांपासून याच दुकानातून येतो. त्या मालाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, तो चांगलाच असतो. लिहायचं आहे ते कपाटातल्या पाकिटांबद्दल, कारण आजकाल पुष्कळ जण त्याबद्दल विचारतात आणि बहुतेकांना अर्धवट माहिती असते.

दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. मालकांनीच विनंती केली. "ताई, चांगलं लिवा का वाईट लिवा, पण नाव नका टाकू. होळी आली का पोट्टे भांग मांगाले येतात, मंग दिवसभर तेच समजवत बसा लागते." बाजारात नेहमी जाणाऱ्यांना दुकान ओळखू येईलच.

आमचा गट या भानगडीत पडला तो नागपूरच्या एका प्रदर्शनामुळे. उमेद या सरकारी अभियानातल्या बचत गटांचे स्टॉल होते, आमची जवसाची चटणी चांगली खपत होती. एक शिकल्या-सवरलेल्या बाई पाकीट हातात घेऊन म्हणाल्या, "याच्यासारखी हेम्प सीडची नाही का करत तुम्ही? मी ऑनलाइन मागवते, फार महाग पडते." गावी येऊन मी बैठकीत हा विषय काढला. हेम्प म्हणजे भांग हे कळल्यावर जो गोंधळ झाला तो होणारच होता. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. तरी नाल्याकाठी मोहाच्या भट्ट्या लागतात, आणि आमच्या गटातल्या बायांनी त्या भट्ट्यांची मडकी स्वतःच्या हातांनी फोडली आहेत. कुणाचा नवरा दारूत गेला, कुणाचा पोरगा. "व माय, आता आपन भांग इकाची का?" असं एकीनं विचारलं तेव्हा माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. उत्तर शोधायला मी या दुकानात गेले.

मालकांनी पहिल्यांदा पाकीट दाखवलं नाही, कायदा सांगितला. गिऱ्हाइकांची गर्दी नव्हती म्हणून वेळ मिळाला, पण मी नंतरही पाहिलं आहे, गर्दीतसुद्धा नवीन माणसाला ते दोन मिनिटांत एवढं सांगतातच. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा आहे. त्यात भांगेच्या झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, आणि राळ म्हणजे चरस, या दोन्हींवर बंदी. बी आणि पाला, सोबत फुलोरा नसेल तर, गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. मात्र पाल्याची भांग राज्याच्या दारूबंदी कायद्यात अडकते, ती परवान्याशिवाय ठेवता येत नाही की विकता येत नाही. राहिलं बी. ते गांजा नव्हतं, पण सरकारच्या लेखी खाण्याचा पदार्थही नव्हतं. उत्तराखंडात लोक पिढ्यानपिढ्या त्याची चटणी खातात, तरी अन्न म्हणून पाकिटात भरून विकायला आधार नव्हता. तो आधार आला नोव्हेंबर २०२१ मध्ये. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, तेव्हा भांगेचं बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ हे अन्नपदार्थ म्हणून मान्य केले आणि त्यांची मानकं ठरवली. म्हणजे १९८५ ते २०२१, एवढी वर्षं हा माल ना इकडचा ना तिकडचा होता. "त्या टायमाले बी माल मिळे," मालक म्हणाले, "पन मी ठेवला नाई. कोनी इचारलं तर दाखवाले कागद नव्हता."

आता कागद आहे, आणि तो एका निळ्या फाईलमध्ये वजनकाट्याच्या बाजूला खिळ्याला टांगलेला असतो. ही फाईल मी दुकानात बसून पानं उलटून पाहिली. पहिल्या पानावर दुकानाचं अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र. मग माल पाठवणाऱ्या कंपनीच्या परवान्याची प्रत. मग बिलं, तारीखवार. आणि प्रत्येक बिलाच्या मागे टाचलेला प्रयोगशाळेचा अहवाल, ज्यात टीएचसीच्या ओळीखाली मालकांनी लाल पेनाने रेघ मारलेली. टीएचसी म्हणजे भांगेतलं नशा आणणारं द्रव्य. बियांमध्ये किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, तेलात किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, बियांपासून केलेल्या पेयात तर ०.२ मिलिग्रॅमच, अशी मर्यादा आहे. मी विचारलं, बियांत नशा नसतेच तर मर्यादा कशाला? ते म्हणाले, बी ज्या फुलोऱ्यात धरतं तो चिकट असतो, त्याची राळ टरफलाला लागून येते. माल नीट पाखडला, साफ केला तर आकडा खाली राहतो. घाईत भरला तर वर जातो. हे मला पटलं. शेतातून आलेल्या तिळात आणि आम्ही निवडून घेतलेल्या तिळात किती फरक असतो ते आम्हाला ठाऊक आहे.

फाईल बघताना एक गोष्ट घडली, आणि या दुकानावरचा माझा विश्वास तिच्यामुळे बसला. मी कपाटातलं एक पाकीट काढून त्याचा लॉट नंबर अहवालाशी ताडून पाहत होते. दुसऱ्या पाकिटाचा जुळला, या एकाचा जुळेना. मालकांनी चष्मा लावून पाहिलं, पोराला हाक मारली, त्या लॉटची सगळी पाकिटं कपाटातून काढायला लावली. खोक्यात भरून वर चिठ्ठी चिकटवली, "रिपोर्ट आल्याबिगर विकू नये". तिथेच कंपनीला फोन लावला. माझ्यासमोर एक गिऱ्हाईक तेच पाकीट मागत होतं. त्याला म्हणाले, "आज नाई भाऊ, कागद यायचा आहे." गिऱ्हाईक गेलं. अहवाल पुढच्या आठवड्यात आला आणि आकडे मर्यादेतच होते, हेही सांगायला हवं. पण तोवर ते खोकं उघडलं नव्हतं.

गेल्या होळीच्या आधी कुणीतरी तक्रार केली होती की इथे भांग मिळते. चौकशीला माणसं आली. मालकांनी पाकीट फोडून बी दाखवलं, फाईल पुढे ठेवली, आणि पाचव्या पानावरच प्रकरण मिटलं असं शेजारचा कापडवाला सांगतो. फाईल नसती तर काय झालं असतं याचा विचार मी गावच्या बायांच्या वतीने केला. आमच्यापैकी कुणाच्या दारात अशी चौकशी आली तर निम्मं गाव जमा होईल, आणि कागद वाचायला कुणी थांबणार नाही.

नियम झाल्यापासून दुकानदाराचा त्रास संपला असं मात्र नाही, त्याचं रूप बदललं. सुरुवातीला येणाऱ्या पाकिटांवर मोठ्ठं हिरवं पान छापलेलं असायचं. मी असं एक पाकीट घरी नेलं तर माझ्या सासूबाई म्हणाल्या, "हे त अंबाडीचं पान दिसते." खरंच दिसतं तसं. मग नियमामुळे त्या पानावर स्टिकर आलं, मग पाकीटच नवं आलं, साधं, फक्त बियांचा फोटो असलेलं. मागच्या बाजूला पूर्वी सांधेदुखी, साखर, झोप अशी दुखण्यांची यादी होती, तीही गेली. खाण्याच्या पदार्थाने रोग बरा होतो असा दावा करता येत नाही, हा नियम सगळ्याच अन्नाला आहे. आमच्या जवसाच्या पाकिटालाही आहे. प्रत्येक बदलाच्या वेळी जुना माल कपाटात पडून राहिला. कंपनीने तो परत घेतला नाही, दुकानदाराने तोटा सोसला. शिवाय आता कंपनी थोडा माल पाठवत नाही, पेटीच घ्यावी लागते. एवढ्या गावात पेटी संपायला वेळ लागतो आणि या बियाला तेल सुटून खवट वास यायला वेळ लागत नाही. मोठ्या शहरातल्या दुकानाला हे जाणवत नसेल. इथे जाणवतं, आणि ते भावात दिसतं.

भाव सांगते. मी घेतलं तेव्हा २५० ग्रॅमचं अख्ख्या बियांचं पाकीट २४० रुपयांना होतं. तेवढ्या पैशात याच दुकानात दीड किलोच्या वर चांगला जवस येतो. दोन्ही शेजारी ठेवून मी मालकांना सरळ विचारलं, घरच्यांसाठी काय घेऊ? त्यांनी जवसाच्या पोत्याकडे बोट दाखवलं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ओमेगा-३ साठी म्हणून लोक हे बी मागतात, पण जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं, भांगेच्या बियांच्या तेलात त्याच्या निम्म्याहूनही कमी. प्रथिनं मात्र या बियांत चांगली, साधारण पाव हिस्सा, आणि ती पचायलाही हलकी. ज्यांना मांस-अंडी चालत नाहीत आणि खिसा परवानगी देतो त्यांनी खुशाल घ्यावं. बाकीच्यांनी जवस, तीळ आणि डाळ सोडून याच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चवीचं म्हणाल तर ती वाईट नाही. मी लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजलं. जवस जसा तडतडतो तसं हे फारसं तडतडत नाही, रंगही थोडाच बदलतो, त्यामुळे कधी उतरवायचं ते वासावरून ठरवावं लागतं. सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची, मीठ आणि जिरं घालून खलबत्त्यात कुटलं. कराळाच्या जवळ जाणारी, थोडी तेलकट चव आली. टरफल दाताखाली येतं, ते सासूबाईंना आवडलं नाही. मिक्सरमध्ये बारीक केल्यावर चाललं. भाकरीवर थोडं जवसाचं तेल घेऊन माझ्या पोरांनी ती चटणी संपवली. सोललेलं बी मऊ असतं म्हणे, पण ते दुप्पट महाग, आणि हे दुकान ते ठेवत नाही. बियांचं तेल ठेवतात, हिरवट रंगाचं, छोट्या काळ्या बाटलीत. ते फोडणीला वापरायचं नाही, तापवलं की बिघडतं. वरून घ्यायचं. मालक प्रत्येकाला हे सांगतात आणि तरी लोक भजी तळतात.

आता औषधाबद्दल, कारण निम्मे लोक त्यासाठीच येतात. माझ्या सासूबाईंचे गुडघे धरतात. मोबाइलवर कुठेतरी कुणीतरी भांगेच्या अर्काचं तेल सुचवलं होतं, मी ते मागितलं. मालकांनी नाही म्हटलं. भांगेच्या पाल्याला आयुर्वेदात विजया म्हणतात. बी सोडून भांगेचा बाकीचा भाग औषधांच्या नियमांत विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, म्हणून पोटात घ्यायच्या औषधावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" असा इशारा छापावा लागतो. आयुर्वेदिक औषध विकायला दुकानदाराला वेगळा विक्री परवाना लागत नाही, त्यामुळे ठेवलं असतं तर त्यांना कुणी लगेच अडवलं नसतं, आणि त्यात नफाही बियांपेक्षा जास्त आहे. "बुढीले बीपीची गोळी चालू आहे का?" त्यांनी विचारलं. चालू आहे. "मंग वैद्याले दाखवा, चिठ्ठी आना, ते सांगतील कुठून घ्याचं. माझ्या गल्ल्यावरून हे देता येत नाई." मला त्या वेळी राग आला, कारण दुखणं घरात डोळ्यांसमोर असतं. पण वैद्यांनी सासूबाईंना ते औषध दिलं नाही, त्यांच्या चालू गोळ्या पाहूनच. शेकायला सांगितलं, व्यायाम दिला. नियमाचा अर्थ गिऱ्हाइकाच्या बाजूने लावणारा दुकानदार मी तिथे पाहिला.

असाच एक प्रसंग एका शेतकरीदादांचा. कापसाच्या भावाने कंटाळलेला माणूस, पाकीट उलटसुलट करून म्हणाला, "मूठभर पेरून पाहतो बांधावर. इकडं एवढं महाग इकते, मंग आपन कायले मांगं राहावं?" मालकांनी पाकीट त्यांच्या हातातून काढूनच घेतलं. परवान्याशिवाय हे झाड लावणं म्हणजे १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. उत्तराखंडाने २०१८ मध्ये देशात पहिल्यांदा औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला, तोही टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असणाऱ्या वाणाला. महाराष्ट्रात शेतकऱ्याला तशी सोय नाही. दादा खाली बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "इकाले चालते, खाले चालते, पेराले नाई चालत." याचं उत्तर दुकानदाराकडे नव्हतं, ते त्याच्याकडे मागूही नये. पण माझ्या मनात ते बोलणं राहिलं आहे. आमच्या जमिनीत ज्याचं पीक घ्यायला मनाई, तेच बी आम्ही किलोला हजाराच्या घरात विकत घेतो, आणि मधला सगळा पैसा दुसरीकडे जातो. ज्यांनी नियम केले त्यांनी विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचाही विचार करावा, परवाना, तपासणी, खरेदीदार सगळं बांधून. गांजाची वाट मोकळी करा असं मी म्हणत नाही. दारूने उजाडलेली घरं पाहिलेली बाई ते कधी म्हणणार नाही.

तुलनेसाठी एकदा ऑनलाइनही मागवलं होतं, एका मोठ्या संकेतस्थळावरून. स्वस्त पडलं. पण पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक फूड सेफ्टी कनेक्ट या अ‍ॅपवर टाकून पाहिला तर तो भलत्याच जिल्ह्यातल्या बेकरीचा निघाला. अहवाल मागितला, उत्तर आलं नाही. ते बी मी खाल्लं नाही आणि पक्ष्यांनाही टाकलं नाही, कारण उगवलं तर नसती आफत. चुलीत घातलं. तो क्रमांक तपासायला अर्धं मिनिट लागतं, प्रत्येकाने तपासावा.

दुकानाच्या उणिवाही आहेत. पत्र्याचं छप्पर आहे, आणि मे महिन्यात हिंगणघाटचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. काचेचं कपाट दुपारी हाताला चटका देतं. बियांचं तेल त्यात ठेवणं बरोबर नाही. मी बोलले तेव्हा बाटल्या खालच्या फळीवर, कूलरजवळ नेल्या, पण फ्रिज हवा. उन्हाळ्यात इथून तेल घेऊ नये, बी घ्यावं आणि घरी नेऊन डब्यात, थंड जागी ठेवावं. मुदतीची तारीख मागून पाहावी लागते, स्वतःहून कुणी दाखवत नाही. मला एकदा दोनच महिने उरलेलं पाकीट मिळालं होतं, सांगितल्यावर दहा टक्के कमी केले. माल संपला की फोन करून कळवतो म्हणतात, पण करत नाहीत. मालक नसताना गल्ल्यावर बसणारा पोरगा चांगला आहे, पण त्याला हे नियम सांगता येत नाहीत. नवीन गिऱ्हाइकाने मालक असतील तेव्हाच जावं, साधारण दुपारी चारनंतर ते असतात.

आमच्या गटाने काय केलं ते विचारणारे असतील. आम्ही ती चटणी विकायला काढली नाही. काढायची तर आमच्या नोंदणीत तो प्रकार घालावा लागतो, प्रत्येक लॉटचा अहवाल सांभाळावा लागतो, लेबल तपासून घ्यावं लागतं, आणि तपासणीचा खर्च शंभर पाकिटांवर वाटला तर चटणी नागपूरच्या त्या बाईंनाही महाग वाटेल. बैठकीत बी सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं, चव घेतली. ज्या बाईने "आपन भांग इकाची का" विचारलं होतं तिनेच शेवटी म्हटलं की नशा नाही हे तिला पटलं, पण तिच्या पोराला गावात कुणी चिडवलं तर ती काय उत्तर देईल? त्यावर मतदान घ्यायची गरज पडली नाही. पुढे गावात समज वाढली आणि खर्च आवाक्यात आला तर पुन्हा विषय काढू. सध्या जवसाची चटणीच बरी चालली आहे.

तुम्हाला घरी खायला घ्यायचं असेल तर या दुकानातून घ्या, पण पाव किलोच्या वर नको. पाकिटाचा लॉट नंबर निळ्या फाईलशी ताडून घ्या, मालकांना त्याचा राग येत नाही. बिल मागा आणि पाकिटासोबत डब्यातच ठेवा. रोख किंवा फोनवरून पैसे, दोन्ही चालतं. या मालावर उधारी नाही. नवी पेटी साधारणपणे पावसाळा संपल्यावर येते, ताजं बी हवं असेल तर तेव्हा जा.